मागच्याला सांगणारे हिराजीकाका

हिराजीकाकांच्या मागून चालायचं असलं की डोळे मिटून चाललं तरी चालायचं. खड्डा आला की ते मान न वळवता म्हणायचे, "खड्डा हाय." पायरी आली की, "पायरी." शेण, लोंबणारी वायर, आडवं झोपलेलं कुत्रं, चहावाल्याने रस्त्यावर ओतलेलं पाणी, सगळ्याची वर्दी मागे यायची. एकदा आमच्या यार्डातल्या एका ड्रायव्हरच्या हळदीला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत काका माझ्या पुढे. ताट धरून सरकता सरकता त्यांचं चाललं होतं, "वाटाना तिखट हाय. भात गरम हाय, बोटा सांभाल." माझ्या मागच्या बाईंना वाटलं, हे वाढप्यांपैकीच कोणीतरी. त्यांनी काकांकडे पापड मागितला. काकांनी आपलं ताट माझ्या हातात दिलं आणि कुठूनसा पापड आणूनही दिला.

ट्रक चालवतानाही त्यांचं हेच. पुढचं सगळेच ड्रायव्हर बघतात. पोट त्यावरच असतं. काका मागच्यासाठी बघायचे.

मी पडघ्याची. वडील एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे गाड्या, ड्युट्या आणि ब्रेकडाउन यांच्या गोष्टी मी दुधाबरोबर प्यायले आहे. हायवेलगतच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या यार्डात मला कंट्रोल रूमची नोकरी लागली तेव्हा घरी पेढे वाटले होते. कंट्रोल रूम हा भपका नावापुरताच. पत्र्याच्या शेडमध्ये एक एसी, दोन मोठे स्क्रीन आणि मी. स्क्रीनवर आमच्या गाड्यांचे हिरवे ठिपके सरकत असायचे आणि कोणता ठिपका कुठे अडलाय हे सांगायचं माझं काम होतं.

त्यातला एक ठिपका काकांचा. काकांना ड्रायव्हर म्हटलेलं त्यांच्या घरच्यांना खपायचं नाही. हायवेच्या कडेची त्यांची भातशेती गोदामांखाली गेली होती, दोन्ही मुलगे भाड्याच्या गोदामांचे मालक होते, दारात पांढरी मोठी गाडी होती. आणि घरचा कर्ता माणूस सकाळी डबा घेऊन दुसऱ्याच्या ट्रकवर ड्युटीला. मुलांनी खूप समजावलं. "बाबा, लोका हसतान." काका म्हणायचे, "हसू दे. गारी हसत न्हाय ना?"

एकदा तर कहर झाला. माल उचलायला काका ज्या गोदामावर गेले ते त्यांच्याच मुलाचं, म्हणजे त्यांच्याच शेतातलं. गेटवर नवा वॉचमन. तो म्हणाला, "ड्रायवर लोग बाहर बैठने का." काका बाहेर बसले. दोन तास. दुपारी मुलगा गाडीतून आला, बाप गेटबाहेर दगडावर बसलेला बघून लालबुंद झाला आणि वॉचमनवर धावला. काकांनी त्यालाच अडवलं. "नियम हाय त्याचा. त्याला कशाला बोलतो?" नंतर यार्डात चहा पिताना ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतकी रंगवून सांगितली की हसून ठसका लागला. "माझ्याच भाताच्या शेतान मना बाहेर बसवला!" वॉचमनचा राग त्यांना कणभरही आला नव्हता. उलट त्याच्या शिस्तीचं कौतुकच होतं.

ब्रेकला हलकेच पाय मारायची काकांची पद्धत मी प्रथम तेव्हाच ऐकली. गाडी थांबवायला नव्हे, नुसती मागची लाल लाइट लुकलुकावी म्हणून. जुने ड्रायव्हर सगळेच थोडंफार असं करतात, पण काकांची त्यात भाषाच होती. त्यांनी टेबलावर बोट आपटून मला शिकवली. एकदा मारला तर हळू. दोनदा मारला तर गतिरोधक नाहीतर मोठा खड्डा.

"आनि तीन मारले का समजायचा, पुढं जीव हाय. मानूस, म्हस, कुत्रा, काय बी. पन जीव."

"हे शिकवलं कोणी?"

"उस्तादानं. तो बोलायचा, पुढची काच तुझी, मागची लाइट दुसऱ्याची."

मग ते नेहमीचं वाक्य. "माझ्या मागं कोन आपटला न्हाय." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, पण बढाई मारल्यासारखं नाही. आपली तब्येत बरी आहे हे सांगावं तसं सांगत. मला वाटतं, गोदामं, गाडी, मान, हे सगळं त्यांच्या लेखी मुलांचं होतं. स्वतःचं म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं, की त्यांच्या मागून येणारा सुखरूप पोचतो.

अशा यार्डात ते डबे आले. बंगळुरूहून दोन तरुण इंजिनीअर आले आणि शेडमध्ये सगळ्या ड्रायव्हरांना बसवून त्यांनी समजावलं. प्रत्येक ट्रकात एक डबा बसणार. तो डबा आसपासच्या गाड्यांमधल्या डब्यांशी आपसूक बोलणार, बिनतारी. माझा वेग एवढा, मी इथे आहे, मी ब्रेक दाबला. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्याच्या केबिनमध्ये लाल दिवा आणि टीं टीं आवाज. माणसाच्या डोळ्याला दिसायच्या आत.

ड्रायव्हरांचे प्रश्न अपेक्षित होते. ह्यात कॅमेरा आहे का? झोप पकडतो का? मालकाला चुगली करतो का? एकटे काका मागून उठून म्हणाले, "साहेब, ह्यो मागच्याला सांगतो?"

"हो, तेच तर त्याचं काम."

"मधी दुसरी गारी असली तरी?"

"मध्ये गाडी असली, धुकं असलं, वळण असलं, तरी."

काकांनी हा प्रश्न दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर नीट ऐकून घेतलं. मग त्या दोन मुलांना त्यांनी घरीच नेलं जेवायला. खाडीतल्या निवट्यांचं कालवण घातलं. त्यातल्या एकाने निवटी म्हणजे काय ते जेवण झाल्यावर विचारलं, आणि चिखलात उड्या मारणारा तो मासा काकांनी त्याला खाडीकाठी नेऊन प्रत्यक्ष दाखवला. मुलगा जरा गप्प झाला होता म्हणे. काका मात्र आठवडाभर खुशीत होते. जन्मभर पायाने जे सांगत आलो ते सांगायला आता यंत्र आलं, याचा त्यांना आनंद होता. इतर म्हातारे ड्रायव्हर डब्याकडे सवतीकडे बघावं तसे बघायचे. काका रोज सकाळी तो फडक्याने पुसायचे.

गोची वेगळीच निघाली. डबे फक्त आमच्याच गाड्यांना. बाकी टेम्पो, रिक्षा, बाइका, ट्रॅक्टर, सगळी दुनिया त्या डब्यांच्या लेखी मुकी. त्यामुळे आमच्या गाड्या एकमेकींच्या मागे लागून गेल्या तरच उपयोग. तशा जाऊ लागल्या. आणि काकांच्या मागे जो असेल त्याचं डोकं उठायला लागलं. काका भिवंडीपासून वाड्यापर्यंत दर फर्लांगाला कशासाठी तरी पाय मारणार. एकदा, दोनदा, तीनदा. मागे डबा टीं टीं, टीं टीं. शेजारच्या गाडीतही टीं टीं.

इक्बाल हा त्यांच्या मागचा नेहमीचा गडी. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला, चाळिशीचा, आधी पॉवरलूमवर होता, मग ट्रकवर आला. त्याने एक दिवस माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकले. "मॅडम, काका के पीछे गाडी चलाना मतलब अलार्म लावून झोपणं. नींद भी नहीं, जागना भी नहीं. काहीतरी करा." दुसऱ्या एकाने तर डब्याच्या स्पीकरवर चिकटपट्टीच लावली. ती मी काढायला लावली, पण माणसाचं काय चुकलं होतं?

मी तक्रारी लिहून वर पाठवल्या. बंगळुरूहून फोन आला. म्हणाले, सोपं आहे, पाय अगदी थोडा वेळ पडला तर तो ब्रेक धरायचाच नाही असं करू, सगळ्याच गाड्यांना. किती थोडा वेळ, ते तुम्ही सांगा, तुमच्याकडे त्यांची नोंद आहे. मी काकांच्या गाडीची आठवडाभराची नोंद काढली, पाय किती वेळ पडतो ते बघितलं आणि त्याच्या थोडा वर आकडा दिला. पापणी लवायला लागतो तेवढाच काळ. तो आकडा मी दिला. मनापासून, काम नीट व्हावं म्हणून दिला.

यार्ड शांत झालं. डबे आता खऱ्या ब्रेकलाच वाजायचे, म्हणून ड्रायव्हरांचा त्यांच्यावर विश्वास बसला. इक्बालने बेकरीतून नानखटाईचा पुडा आणला. काकांना हे मी सांगितलं नाही. लाइट तर लुकलुकतेच आहे, ज्याला बघायचं त्याला दिसते, मग कशाला म्हाताऱ्या माणसाचं मन दुखवा, असं मला वाटलं. ते पाय मारत राहिले. एकदा चहा पिताना म्हणाले, "आता कोन तक्रार करत न्हाय, बाय. सवय झाली पोरांना." मी हो म्हटलं. त्या "हो"ची मला आजही लाज वाटते.

अपघात झाला तो भर दुपारी, स्वच्छ उन्हात. काका पुढे, इक्बाल मागे, दोघांकडे खोक्यांचा माल. अकलोलीच्या अलीकडे, गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळ करून परतणाऱ्या लोकांची एक जीप उजव्या बाजूच्या रसवंतीसमोरून रिव्हर्समध्ये रस्त्यावर येऊ लागली. मागे न बघता. काकांनी लांबूनच ओळखलं. पुढे त्यांनी सांगितलं ते असं, की मी तीन वेळा पाय मारला, ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी डाव्या कडेच्या मातीवरून काढली. ब्रेक दाबावा लागलाच नाही. इतकं आधी बघितलं होतं. इक्बालच्या समोर काकांच्या ट्रकाची पाठ. ती बाजूला सरली आणि रस्त्यात आडवी जीप. त्याने स्टीअरिंग डावीकडे मारलं, जीप वाचली, ट्रक रस्ता सोडून चिंचेच्या झाडावर गेला. केबिनची उजवी बाजू आत आली.

मला फोन काकांचा आला. "बाय," म्हणाले, "माझ्या मागं..." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. मागे लोकांचा ओरडा ऐकू येत होता. मी जागेचं नाव विचारत होते, ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होते.

इक्बाल वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला मुख्य ऑफिसमधून सेफ्टीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग माझ्याच स्क्रीनवर काकांच्या गाडीची त्या वेळची नोंद उघडायला सांगितली. मी उघडली.

"काका, ही बघा तुमची गाडी. ही ब्रेकची रेघ. ब्रेक दाबला की वर जाते. इथे ती सपाट आहे."

"मी तीन मारले, साहेब."

"कुठे दिसतात?"

काका चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "मना कळत न्हाय ह्यातला. पन मी तीन मारले."

"कदाचित मारणार होतात आणि राहून गेलं असेल. माणूस आहे, घाई असते. वयही आहे. तुमच्यावर काही कारवाई नाही, काका. फक्त नोंद बरोबर हवी. मशीनला खोटं बोलायचं काय कारण?"

"तीन मारले," काका म्हणाले. आवाज खाली गेला होता.

मी तिथेच उभी होते, माऊसवर हात ठेवून. साहेब काकांना बाहेर पाठवून माझ्याकडे वळले तेव्हा मी सगळं सांगितलं. छोटे टॅप आता धरलेच जात नाहीत, आकडा मी दिला होता, रेघ सपाट आहे ती काकांनी पाय मारला नाही म्हणून नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बंगळुरूला विचारायला सांगितलं. मी विचारलं. उत्तर आलं, त्या आकड्याच्या खालचे टॅप साठवले जात नाहीत, जागा वाचावी म्हणून लगेच पुसले जातात, त्यामुळे त्या वेळी पाय मारला होता की नव्हता, हे सांगता येणार नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त जास्त नम्र. अहवालात वाक्य पडलं, पुढील वाहनाने ब्रेकचा इशारा दिल्याची नोंद आढळली नाही, मागील वाहनाने पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं, यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालू होती. एकेक शब्द खरा होता. आणि मला सांगण्यात आलं की विम्याचं काम संपेपर्यंत ड्रायव्हर लोकांशी यावर बोलायचं नाही. मी नोकरीला घाबरून गप्प बसले. याला दुसरं नाव नाही.

साक्षीदार एकच होता आणि त्याला साक्ष देता येत नव्हती. साहेब दवाखान्यात गेले तेव्हा इक्बालने सरळ सांगितलं, "लाइट का मालूम नहीं साहब. मेरी नजर डब्बे पे थी. डब्बा बोला नहीं." त्याचंही खरंच होतं. डब्याकडे बघा, डोळ्याला दिसायच्या आत तो सांगतो, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं. आणि जीपवाले तर त्या गोंधळात निघूनच गेले होते.

काकांना कोणी काढलं नाही. त्यांनीच एका सकाळी चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मुलगे खूश झाले. यार्डात येणं मात्र काकांनी सोडलं नाही. येऊन चहाच्या टपरीवर बसायचे आणि जो ड्रायव्हर भेटेल त्याला विचारायचे. "तू माझ्या मागं चालवलंस ना? मी मारतो ना पाय? कदी चुकतो?" सगळे म्हणायचे, नाही काका, कधीच नाही. ते ऐकून त्यांना बरं वाटायचं, पण अर्ध्या तासाने दुसऱ्या कोणाला तरी तेच. मग हळूहळू प्रश्न बदलला. "एकांदे वेली चुकत असन का रं?" लोक टाळायला लागले. मीही खिडकीचा पडदा ओढून घेऊ लागले. एकदा तर ते दारापर्यंत आले, आणि मी उगाच फोन कानाला लावला.

दोन महिन्यांनी त्यांचा मला फोन आला. "बाय, इक्बाल घरी आलाय म्हनतान. मना त्याचा घर दाखव. निजामपुऱ्याच्या गल्ल्या मना समजत न्हाईत."

रविवारी दुपारी आम्ही गेलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नाही. गल्ली सरळच होती, काका पुढे चालत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. उघड्या गटाराशी मी ठेचकाळले, पडता पडता वाचले. त्यांनी वळून बघितलं आणि नुसतेच पुढे गेले.

इक्बालची खोली लूमच्या कारखान्यावर पहिल्या मजल्यावर. फरशी सतत थरथरत होती. तो पलंगावर बसला होता, चादर मांडीपर्यंत. त्याच्या बायकोने, शबानाभाभीने, सरबत आणलं. काकांनी केळी आणि पापलेटं आणली होती, ती त्यांनी भाभीच्या हातात दिली. इक्बालने काकांचा हात धरला.

"काका, एक बात बोलनी थी. तुम्ही मारला होता पाय. तीनों मारे थे. मैंने देखा था. मला आता आठवलं."

काकांनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"खुदा की कसम. लाल लाइट, तीन दफा. गलती मेरी है, मैं ही देर से समझा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शबानाभाभी दाराकडे तोंड करून डोळे पुसत होती. हे त्यांचं आधीच ठरलं असणार. पाय गेलेला माणूस म्हाताऱ्याची समजूत घालत होता. काकांनी मान हलवली, हळू, दोन-तीनदा. इक्बालच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरा हो," एवढंच म्हणाले. सरबत पूर्ण प्यायले, कारण न पिता उठलं तर भाभीला वाईट वाटलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा कुठे आवाज जरा कमी झाला. काका भिंतीला टेकले. "चांगला मानूस," ते म्हणाले. "साहेबाला बोलला, डब्याकडं बघत व्हतो. मना बोलतो, लाइट बघितली. माझ्यासाठी कसम खाल्ली बिचाऱ्यानं."

मग म्हणाले, "बाय, मी न्हाईच मारला. मना बी आता तसाच वाटतं. आठवाया गेलो तर पायच आठवत न्हाय. नुसती जीप आठवते."

आता मला राहवेना. मी तिथे, हातगाड्या आणि रिक्षांच्या मधे उभी राहून, त्यांना सगळं सांगितलं. तक्रारी, इक्बालची ती अलार्मची गोष्ट, बंगळुरूचा फोन, मी काढलेली त्यांची नोंद, मी दिलेला आकडा. छोटा पाय डबा धरतच नव्हता, काका. मागे पोचतच नव्हता. नंतर पुसला जात होता. रेघ सपाट दिसणारच, तुम्ही शंभर वेळा मारला असता तरी सपाटच दिसली असती. मला रडू येत होतं आणि मी भराभर बोलत होते.

काकांनी सगळं ऐकलं. माझं संपल्यावर खांद्यावरचा पंचा काढून मला दिला.

"तोंड पूस."

"काका, कळलं ना तुम्हाला?"

"कळला."

"मशीन खोटं नाही बोललं. मीच त्याला गप्प केलं होतं."

ते हसले. फार दिवसांनी त्यांना हसताना बघत होते. "तो बरा हाय, तू बी बरी हाय. दोघा मिलून म्हाताऱ्याला सांभालतान."

"मी सांभाळत नाहीये. हे खरं आहे. शप्पथ."

"त्यानं बी शप्पथच घेतली."

"काका, माझ्याकडे ईमेल आहे, दाखवते—" मी मोबाइल काढला, उघडला, त्यांच्यापुढे धरला. सगळं इंग्रजीत. त्यांनी चष्मा लावून त्या अक्षरांकडे बघितलं, त्या दिवशी रेघेकडे बघितलं होतं तितकाच वेळ, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"खरा असता तर तवाच बोलली असतीस ना, बाय. साहेबापुढं. तू तिथंच व्हतीस."

तुम्ही बाहेर गेल्यावर साहेबांना सांगितलं होतं, मग मला बोलायला बंदी आली, हे सांगायला गेले असते तर तेही एखादं रचलेलं कारणच वाटलं असतं. काकांनी समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. त्यांना एकट्यालाच जायचं होतं. ते आत बसल्यावर मी रिक्षाची दांडी धरली आणि पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, त्या आकड्यासकट. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "दीदी, छोडो ना, ट्रॅफिक हो रहा है." काकांनी माझा हात दांडीवरून अलगद सोडवला आणि मान हलवली, हळू, दोन-तीनदा, वरच्या खोलीत इक्बालपुढे हलवली होती तशीच.